उचलायच्या आधी थांबायचं

आमची लेक आता पावणेदोन वर्षांची आहे. तिला उचलून घ्यायचं असलं की मी पाठीमागून जाऊन तिला पटकन उचलत नाही. समोर येतो, उकिडवा बसतो, दोन्ही हात पुढे करतो, "घेऊ?" असं विचारतो आणि थांबतो. कधी ती लगेच हात वर करते. कधी हातातलं खेळणं आधी नीट खाली ठेवते. कधी मान हलवून "नाई" म्हणते आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागते, मग मीही तिथेच बसून राहतो. बायकोने एकदा विचारलं, "हे कुठे वाचलंस तू?" वाचलं कुठेच नव्हतं. ही माझ्या आजीची पद्धत. लेक जन्मली त्या आठवड्यापासून ती पद्धत माझ्या हातात होती.

आजी म्हणजे आईची आई. आई-बाबा दोघंही नोकरीला जायचे, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी आजीच्या ताब्यात. शाळा सुरू झाल्यावरसुद्धा सुट्टीभर तिच्याकडेच. लेक पाच महिन्यांची असताना आजी गेली. त्याला आता वर्ष उलटून गेलं आहे, पण ती गेली त्या दिवसांपेक्षा आत्ता, लेकीच्या मागे धावताना, मला तिची आठवण जास्त येते. मोजा चढवताना येते, नखं कापताना येते, जिना उतरताना लेकीचं बोट धरलं की येते. मध्येच माझा हात थबकतो, कारण तो हात तसा फिरवायचा हे तिच्याकडून आलेलं असतं.

तिचं उचलणं मला नीट आठवतं, कारण मी सात-आठ वर्षांचा असताना मावशीचं बाळ आमच्याकडे असायचं आणि आजी त्याला घ्यायची ते मी रोज बघायचो. तिचे गुडघे दुखायचे, तरी ती उभ्याने वाकून बाळाला कधी उचलत नसे. आधी खाटेचा कठडा धरून हळूहळू खाली बसायची. चष्मा कपाळावर सरकवायची, कारण बाळं चष्मा ओढतात. तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. मग ते हात बाळाच्या छातीपासून वीतभर अंतरावर, त्याला दिसतील असे धरायची. "येतोस? चल, घेते हं तुला." आणि मग काहीच करायची नाही. दोन श्वासांइतका वेळ जायचा. तेवढ्यात बाळाचे खांदे जरा वर यायचे, पाय पोटाकडे जायचे, मान ताठ व्हायची. "बघ, आता झाला तयार," ती मला म्हणायची. तयार झालेलं बाळ हाताला हलकं लागतं, असं तिचं म्हणणं होतं. मी तेव्हा ते नुसतं ऐकून घेतलं होतं. आता साडेदहा किलोचा जीव दिवसभर उचलताना ते शब्दाला शब्द खरं वाटतं. मनाविरुद्ध उचललेली लेक आणि हात वर करून आलेली लेक यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लेक झाल्यावर मी याबद्दल मुद्दाम शोधलं. 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन, तीन आणि चार महिन्यांच्या बाळांना दाबाची नोंद घेणाऱ्या चटईवर निजवलं आणि आई उचलायला हात पुढे करते तेव्हा बाळ काय करतं ते पाहिलं. आईचा हात प्रत्यक्ष लागायच्या आधीच बाळं अंग सावरायला लागतात. पायांची, हातांची, हनुवटीची ठेवण बदलते. दोन महिन्यांचं बाळसुद्धा हे करतं. म्हणजे आजी ज्याची वाट बघत थांबायची, ते खरोखर घडत होतं. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे तिला दाखवायला हवं होतं. तिने चष्मा नीट करून म्हटलं असतं, "मग? मी काय सांगत होते?"

आणखी एक सापडलं. एमी पिकलर नावाच्या हंगेरियन डॉक्टरबाईंनी दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, बुडापेस्टमध्ये लहान बाळांसाठी एक निवासी बालगृह सुरू केलं. आईबापाविना आलेली बाळं तिथे राहायची. सांभाळणाऱ्या बायकांना पिकलरबाईंची शिस्त अशी, की बाळाला हात लावायच्या आधी आपण आता काय करणार आहोत ते त्याला सांगायचं आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबायचं. कपडे बदलताना, अंघोळ घालताना, उचलताना, प्रत्येक वेळी. एका बाईच्या हाती अनेक बाळं, घाई तर तिथे किती असेल. तरी थांबायचं.

आजीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. चौथीपुढे तिची शाळा झाली नाही. म्हणून तिला सगळं विज्ञान आपोआप कळत होतं असंही मी म्हणणार नाही, ते तिला आवडलंही नसतं. तिच्या काही समजुती मी सोडून दिल्या आहेत. दात येताना ताप चढणारच, त्याकडे लक्ष द्यायचं नाही, असं ती ठामपणे सांगायची. दात येताना अंग जरासं कोमट लागू शकतं, पण 38 अंश सेल्सिअसच्या वरचा ताप दातांमुळे येत नाही. तेवढा ताप असेल तर कारण दुसरं आहे आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. हे मी आजीच्याच एका सवयीने शिकलो असं वाटतं. बाळाकडे बघायचं, अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर तो धरून बसायचा नाही.

आजी घरी शिवणकाम करायची. पायाने चालवायचं मशीन होतं, खिडकीशी. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. कधीतरी सुई त्यातून आरपार गेली होती आणि नख पुन्हा सरळ आलंच नाही. त्या अंगठ्याने ती माझ्या सदऱ्याची बटणं लावायची, ते मला अगदी जवळून दिसायचं, कारण माझं तोंड खाली तिथेच असायचं.

खालून वर, हा क्रम. खालची सगळी बटणं ती लावायची. सगळ्यात वरच्या बटणाला मात्र ती ते काजातून अर्धंच सरकवायची, इतकं की त्याची कड पलीकडे डोकवावी. मग दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "आता तू ओढ." मी दोन बोटांत कड धरून ओढायचो. बटण बाहेर यायचं आणि सदरा मी घातलेला असायचा. काही दिवसांनी कड कमी डोकवायला लागली. मग बटण नुसतं काजाशी टेकवलेलं असायचं. मग शेवटची दोन बटणं माझी झाली. सगळा सदरा माझा कधी झाला ते आठवत नाही. तो क्षण यायच्या आधी इतक्या वेळा मी यशस्वी झालेलो होतो, की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही उरलं नसावं.

व्यवसायोपचार करणारे थेरपिस्ट मुलांना कपडे घालायला, बुटांचे बंद बांधायला शिकवताना हीच रीत वापरतात. तिला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. कामाच्या बाकी सगळ्या पायऱ्या मोठ्या माणसाने करायच्या, शेवटची मुलासाठी ठेवायची. ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन. पहिली पायरी मुलाला देऊन बाकीचं आपण उरकलं तर मूल सुरुवात करतं आणि काम हातातून काढून घेतलं जातं. उलट क्रमाने गेलं की दर वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं. फरक केवढा मोठा आहे हे मला रोज मोजे घालताना दिसतं. पावणेदोन वर्षांच्या बोटांना बटण जमत नाही, तो पुढचा टप्पा आहे. पण मोजा टाचेपर्यंत मी चढवतो आणि थांबतो. लेक दोन्ही मुठींनी त्याची कड धरते, तोंड घट्ट मिटते, नाकाने जोरात श्वास सोडते आणि ओढते. मोजा वर येतो. ती माझ्याकडे बघते. मग दुसरा पाय स्वतःहून पुढे येतो. सकाळी बाहेर पडायची घाई असते तेव्हा यात वेळ जातो, हे खरं आहे. पण जे मूल पाय झाडून मोजा घालू देत नाही त्याच्यामागे धावण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

आजीचा बटणांचा डबा आता माझ्याकडे आहे. पत्र्याचा, गोल, झाकणावरचा रंग उडालेला. लहानपणी त्यातली बटणं रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे लावण्यात माझ्या दुपारी जायच्या, आणि लेकीला तो द्यायची मला फार इच्छा आहे. पण तो अजून वरच्या फळीवर आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक साधं मोजमाप वापरतात: साधारण 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, म्हणून ती त्या वयाला द्यायची नाही. आजीच्या डब्यातलं बहुतेक प्रत्येक बटण त्यात मावेल. (घरात लहान मूल असेल तर रिमोटमधली, घड्याळातली, वाजणाऱ्या खेळण्यांतली बटणासारखी चपटी बॅटरी आधी तपासा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर इजा होऊ शकते. झाकणाला स्क्रू असलेलीच खेळणी घ्या.) सध्या झाकण चिकटपट्टीने पक्कं करून मी तो डबा तिच्यासमोर खुळखुळवतो. आवाज ऐकून ती जिथे असेल तिथून येते. आत काय आहे ते तिला अजून माहीत नाही.

लेकीचा हट्ट सुरू होतो, ती जमिनीवर लोळण घेते, तेव्हा आजी जे करायची तेच मी करतो, आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. शेजारी जमिनीवर बसायचं, डोकं आपटणार नाही एवढं बघायचं, एकदाच म्हणायचं, "मी इथे आहे." समजावणं नंतर. रडणं टिपेला असताना कानावर पडलेलं वाक्य त्या वयात आत पोचत नाही.

दुःखाबद्दल मात्र सांगायचं आहे, कारण त्याची मला कल्पना नव्हती.

आजी गेली त्या दिवसांत मी जवळजवळ रडलोच नाही. पाच महिन्यांचं बाळ घरात होतं, रात्री दर दोन-तीन तासांनी उठत होतं. निरोप घेऊन परत आलो तेव्हा दारातच बायकोने बाळ माझ्या हातात दिलं, कारण तिलाही दिवसभरात टेकायला मिळालं नव्हतं, आणि मी लंगोट बदलायला बसलो. पुढचे कित्येक आठवडे तसेच गेले. लोक म्हणायचे, बाळ आहे म्हणून सावरलास. मला आतून वाटायचं की मी सावरलो वगैरे काही नाही, मला फक्त सवड झालेली नाही.

ती सवड झाली लेक चालायला लागली तेव्हा. आजीला प्रत्येक नातवंडाबद्दल एक प्रश्न पडायचा आणि तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पडलेला मी पाहिला नाही. बाळाने पहिलं पाऊल टाकलं असा निरोप आला की ती विचारायची, "आधी कुठला पाय टाकला?" कितव्या महिन्यात टाकलं, किती पावलं टाकली, हे नाही. कुठला पाय. आणि ते तिच्या कायम लक्षात असायचं. माझा डावा. मावशीच्या मुलाचा उजवा. माझ्या आईचाही उजवा. यातून ती काही भविष्य वगैरे सांगायची नाही. तिला फक्त ते माहीत असायला हवं असायचं.

आमची लेक चौदाव्या महिन्यात चालली. तोपर्यंत भेटणारे बरेच जण "अजून नाही?" असं विचारत होते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून 2006 साली जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आपलं आपण चालायला लागण्याची मुभा साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आहे. आमच्या देशातली मुलंही त्या पाहणीत होती. तर त्या दिवशी ती सोफ्याला धरून उभी होती, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसलो होतो. तिने सोफा सोडला आणि माझी नजर आपोआप तिच्या पायांवर गेली. डावा. डावा, उजवा, डावा, आणि मग ती बसली. घरच्या सगळ्यांना फोन झाले. आईने विचारलं पडली का, लागलं का, व्हिडिओ काढलास का. बाबांनी विचारलं बूट घातले होते का. सगळे मनापासून खूश होते. तो प्रश्न कुणीच विचारला नाही. रात्री लेक झोपल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, आजी गेल्यानंतर पहिल्यांदा, पुष्कळ वेळ. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी विचारते. कुठला पाय?"

आजीने लेकीला पाहिलं आहे. मांडीवर घेतलं आहे. त्या वेळी तिचे हात थरथरायचे, त्यामुळे तिने मला शेजारी बसायला लावलं आणि माझा हात बाळाच्या डोक्याखाली ठेवून घेतला, पण आधी तळवे घासले आणि थांबली, हे चुकलं नाही. लेकीला यातलं काहीही आठवणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या पहिल्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात. त्याआधीचं पुसलं जातं. टोरांटोमधल्या शीना जॉसलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या प्रयोगशाळेतून 2014 साली एक महत्त्वाचं काम पुढे आलं. आठवणी साठवण्यात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि लहान वयात तिथे नव्या पेशी फार वेगाने तयार होत असतात. उंदरांच्या पिल्लांमध्ये तो वेग औषधाने कमी केला तेव्हा त्यांच्या आठवणी जास्त टिकल्या. म्हणजे नव्या पेशी जुन्या जोडण्यांची मांडणी बदलत जातात आणि त्यात आधीची आठवण हाती लागेनाशी होते. माणसाच्या बाळात नेमकं हेच आणि एवढंच घडतं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण मला ते पटतं. ज्या वाढीने लेक दर आठवड्याला नवा शब्द बोलते आहे, त्याच वाढीत आजीची मांडी हरवते आहे.

मी स्वतःही आजीच्या कडेवर असतानाचं काही आठवू शकत नाही. ते बटण मी चार-पाच वर्षांचा असतानाचं आहे, ते उचलणं मावसभावाचं आहे. मला तिने कसं उचललं ते मला माहीत नाही, मी त्यावरून ताडतो आहे.

आणखी एका गोष्टीने मला बराच काळ अस्वस्थ केलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात, पेशीला ऊर्जा पुरवणारे. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, 37 जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. म्हणजे आजीचा आईला मिळाला, आईचा मला. माझ्या अंगात तो आत्ता आहे. पण पुढे तो मुलगी देते, मुलगा देत नाही. माझ्या लेकीच्या पेशींतले मायटोकाँड्रिया तिच्या आईकडून, म्हणजे तिकडच्या आजीकडून आले आहेत. आजीकडून आलेली ती रेघ माझ्यापाशी थांबते. बाकीचा डीएनए आजीकडून लेकीपर्यंत सरासरी एक अष्टमांश पोचतो, पण त्यातलं काय पोचलं आणि काय गळलं हे आपल्या हातात नसतं. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते जाऊ दे, तिचं घासून हात गरम करणं पोचलं ना?" पोचलं आहे. लेक हल्ली तिच्या कापडी अस्वलाला घ्यायच्या आधी तळवे एकमेकांवर घासते. कशासाठी ते तिला ठाऊक नाही, आणि तळवे घासून झाल्यावर ती अस्वलाला एका पायाला धरून उचलते.

जे आपोआप पोचणार नाही ते बोलून पोचवावं लागेल, म्हणून आम्ही आजीबद्दल बोलतो. तिचा फोटो भिंतीवर लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला आहे, मोठ्यांच्या नाही. लेक त्याला "पंजी" म्हणते. पणजी कुठे आहे हा प्रश्न ती अजून विचारत नाही, पण उत्तर आम्ही ठरवून ठेवलं आहे. ती झोपली किंवा दूर गेली असं सांगायचं नाही. 1948 साली बुडापेस्टमधल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, ज्यातून माणूस परत येऊ शकतं, असं दिसलं होतं. त्या वयाच्या मुलाला आपणच "पणजी झोपली" असं सांगितलं, तर ते तिच्या उठण्याची वाट बघेल, नाहीतर स्वतः झोपायला घाबरेल. आम्ही सांगणार आहोत: पणजी खूप म्हातारी झाली होती, तिचं शरीर काम करेनासं झालं आणि ती वारली. ती आता परत येणार नाही. तिने तुला मांडीवर घेतलं होतं. एवढंच, आणि जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा तेच.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात 2000 साली एका अभ्यासात वेगवेगळ्या समाजांतल्या प्रौढांना त्यांची पहिली आठवण विचारली होती. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या वयातल्या निघाल्या. त्यांच्याकडे मागे घडलेल्या गोष्टींबद्दल बोलण्याला मोठं स्थान आहे, ते यामागचं एक कारण असावं असं संशोधक मानतात. त्याच विद्यापीठातल्या एलेन रीस यांनी आया आपल्या छोट्या मुलांशी आठवणी कशा बोलतात यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. "मग काय झालं?", "कोण होतं तिथे?", "तू काय केलंस?" असं विचारत, मूल जेवढं बोलेल त्यात आपलं थोडं घालत बोललं, की आठवण बळकट होते. रात्री दिवा मालवायच्या आधी आम्ही दिवसातली एक गोष्ट अशी उलगडतो. लेकीचा वाटा सध्या एकेका शब्दाचा असतो. "काऊ." "कुठे होता काऊ?" "भुर्र."

या बोलण्यात आजीची देवी करायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आहे. आणि ते आईने सोपं करून टाकलं. मागे ती राहायला आली होती, मी लेकीसमोर हात धरून थांबलेला तिने पाहिला आणि म्हणाली, "हे आजीचं? मला नाही हो असं कधी थांबून उचललं तिने. तिला वेळ कुठे होता? मशीनवर बसलेली असायची, मी रडले की पायानेच पाळणा हलवायची." मी म्हटलं, तू लहान होतीस, तुला काय आठवणार. तर ती म्हणाली, "माझं नसेल आठवत, पण धाकटीचं मी बघितलंय ना." धाकटी म्हणजे मावशी. आईच्या आवाजात तक्रार नव्हती, पण काहीतरी होतं. ती लेकीकडे बघत होती.

मग मी मावशीला फोन केला. तिचं म्हणणं आणखी वेगळं. तिच्या मते आजी थांबायला लागली ती मी झाल्यावर, कारण तोवर शिवणकाम कमी झालं होतं आणि गुडघे दुखायला लागले होते. गुडघ्यांमुळे खाली बसायला वेळ लागायचा, बसेपर्यंत बाळ तिच्याकडे बघत असायचं, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं असेल की बघणारं बाळ वेगळं येतं. मला हे फार आवडलं. खरं आहे की नाही कळायला मार्ग नाही. पण चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर, दोन मुली वाढवून झाल्यावर, आजी बाळ उचलायचं नव्याने शिकली, असं असेल तर मला तिचं अजूनच कौतुक वाटतं. आईला मी तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "असेल. माझ्या वेळी तिचं वय तुझ्यापेक्षाही कमी होतं."

आता मी एक वही केली आहे आणि दोघींना विचारून लिहून ठेवतो आहे. आईला सगळं क्रमाने आठवतं, मावशीला आवाज आणि वास आठवतात, त्यामुळे दोघींकडून घ्यावं लागतं. पुढचा प्रश्न त्या धुनेचा आहे. आजी बाळ झोपवताना शब्दांशिवाय एक चाल गुणगुणायची, चार ओळींची, तिसरी ओळ एकदम खाली उतरणारी. मी लेकीला तीच म्हणतो. आई म्हणते आजीने ती स्वतःच रचली, मशीनच्या पायट्याच्या तालावर. मावशी म्हणते छे, ती आजीच्या आईची, आणि तिला शब्द होते. शब्द काय होते ते मावशीला येत नाहीत, पण त्यांच्या नात्यातल्या एका वयस्कर बाईंना येत असतील असं तिला वाटतं. त्यांचा नंबर ती शोधून देणार आहे. या रविवारी लेक दुपारची झोपली की फोन करणार आहे.